डब्यातली ताकद : माल्ट, मोड आणि आजीचा एक प्रश्न

१/ #थ्रेड
गेल्या पावसाळ्यात माझ्या आजीचे पोटाचे ऑपरेशन झाले. घरी आल्यावर तिला चार घासांच्या वर जेवण जाईना. वजन उतरू लागले. तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी दोन जेवणांच्या मध्ये पूरक पोषणाच्या पुडीचे पेय देण्यास सांगितले. पहिला पेला मी ढवळत असताना आजीने आधी डब्याकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "हे आपल्या नाचणीच्या सत्त्वापेक्षा वेगळं काय गं?"

२/
मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. मला उत्तर देता आले नाही. प्रश्न साधा असला तरी त्याच्या पोटात दीडशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. जर्मन रसायनशास्त्र, अमेरिकेतील एक पेटंट, दोन महायुद्धे, पंजाबातील म्हशी, संयुक्त राष्ट्रांची एक मोठी चूक आणि ती चूक दाखवून देणाऱ्यांत अग्रभागी असलेला सातारा जिल्ह्यातील एक संख्याशास्त्रज्ञ, असा हा प्रवास आहे. मित्रहो, थ्रेड लांब आहे, सावकाश वाचावा.

३/
आरंभ एकोणिसाव्या शतकातील युरोपपासून करू. कारखान्यांच्या शहरांत लोकवस्ती दाटत होती. दूध दूरवरून येई आणि वाटेतच नासे. ज्या बाळांना आईचे दूध मिळत नसे, त्यांचे हाल होत. १८६० च्या दशकात युस्टुस फॉन लीबिग या विख्यात जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शिशु-आहाराची एक कृती सिद्ध केली : गव्हाचे पीठ, गाईचे दूध, माल्टचे पीठ आणि थोडे पोटॅशियम बायकार्बोनेट. अन्न म्हणजे काही ठरावीक रासायनिक घटकांची बेरीज, आणि ती बेरीज प्रयोगशाळेत जुळवता येते, हा विचार त्या कृतीमागे होता. आजच्या प्रत्येक डब्यामागे तोच विचार उभा आहे.

४/
या कृतीतील कळीचा शब्द म्हणजे 'माल्ट'. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, बहुधा जव, ज्याला आपण सातूही म्हणतो. दाणा भिजून अंकुरू लागला की त्यात अमायलेज नावाचे विकर वाढते. दाण्यात साठवलेल्या पिष्टाचे ते साध्या साखरेत रूपांतर करते, कारण कोवळ्या कोंबाला तेच अन्न लागते. नेमक्या वेळी धान्य वाळवले तर कोंबाची वाढ थांबते, विकर मात्र टिकते. मग कोमट पाण्यात हे पीठ दुसऱ्या पिठाशी मिसळले की घट्ट लापशी पातळ आणि गोडसर होते. पचनाचे थोडे काम पोटात जाण्यापूर्वीच झालेले असते.

५/
आता इंग्लंडमधील ग्लॉस्टरशरच्या रुआर्डीन गावातील दोन भावांकडे वळू. जेम्स हॉर्लिक औषधनिर्माता होता. धाकटा विल्यम १८६९ मध्ये अमेरिकेस गेला. १८७३ मध्ये जेम्सही तेथे पोहोचला आणि दोघांनी शिकागोत व्यवसाय सुरू केला. लवकरच तो विस्कॉन्सिन राज्यातील रसीन येथे हलला. आरंभीचे त्यांचे उत्पादन 'शिशू आणि आजारी माणसांचे अन्न' म्हणून विकले जाई. 'शिशू आणि आजारी' हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत. निरोगी, शाळेत जाणाऱ्या, दोन वेळा पोटभर जेवणाऱ्या मुलाचा त्यात कोठेही उल्लेख नव्हता.

६/
अडचण अशी होती की ही पूड दुधातच कालवावी लागे आणि शुद्ध दूध मिळणे हीच तर मूळ समस्या होती. हॉर्लिक बंधूंनी दूधच पुडीत आणले. माल्ट आणि गव्हाच्या पिठाचा अर्क दुधात मिसळून, निर्वात भांड्यात कमी उष्णतेवर आटवून त्याची कोरडी पूड केली. १८८३ मध्ये विल्यमला याचे अमेरिकी पेटंट मिळाले. आता केवळ गरम पाणी पुरेसे होते. पूड नासत नसे, सांडत नसे, जहाजावर महिनोन्‌महिने टिकत असे. 'माल्टेड मिल्क' हे नाव पुढे जगभर गेले.

७/
टिकण्याच्या या गुणामुळे ती दुर्गम प्रदेशांत पोहोचली. ध्रुवीय मोहिमांच्या शिध्यात माल्टेड मिल्क असे. रिचर्ड बर्ड या अमेरिकी नौसेना अधिकाऱ्याच्या १९३३ ते १९३५ च्या अंटार्क्टिका मोहिमेस विल्यम हॉर्लिकने अर्थसाहाय्य केले. त्या मोहिमेतील एका विमानाला त्याचे नाव दिले गेले आणि तेथील एक पर्वतरांग आजही नकाशावर 'हॉर्लिक पर्वत' म्हणून दाखवली जाते. एखाद्या पेयाच्या उत्पादकाचे नाव पर्वताला मिळावे, हे इतिहासात वारंवार घडत नाही.

८/
याच सुमारास इतर देशांतही अशी पेये जन्मत होती. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे वांडर कुटुंबाच्या कंपनीने १९०४ मध्ये 'ओव्होमाल्टीन' बाजारात आणले. इंग्रजी मुलखात ते 'ओव्हल्टीन' झाले. इंग्लंडमध्ये कॅडबरीने बोर्नविल या आपल्या कारखान्याच्या वसाहतीवरून 'बोर्नव्हिटा' हे नाव घेतले. जव, दूध, साखर आणि कोको यांची ही सारी भावंडेच. प्रत्येकाचा दावा एकच : साध्या जेवणात जे उणे आहे, ते आमच्या डब्यात आहे.

९/
हा दावा मात्र एका बाबतीत आंधळा होता. लीबिगच्या काळी अन्नाचे ज्ञान प्रथिने, स्निग्ध पदार्थ, पिष्ट आणि क्षार येथपर्यंतच होते. जीवनसत्त्वे कोणालाच माहीत नव्हती. डब्यातील अन्नावर आणि आटवलेल्या दुधावर वाढलेल्या सुखवस्तू घरांतील बाळांना हिरड्या सुजणे, हाडे दुखणे असा विकार होऊ लागला. तो स्कर्व्ही, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग आहे, हे थॉमस बार्लो या इंग्रज डॉक्टराने १८८३ मध्ये दाखवले. वर्ष पाहिलेत? हॉर्लिकच्या पेटंटचेच. 'व्हिटॅमिन' हा शब्द मात्र १९१२ मध्ये कासिमिर फंकने घडवला.

१०/
येथे इतिहासाचा पहिला धडा मिळतो. 'संपूर्ण अन्न' ही संकल्पना त्या त्या काळाच्या ज्ञानाइतकीच संपूर्ण असते. लेबलवर जे मोजून छापले जाते तेवढेच विज्ञानाला त्या दिवशी ठाऊक असते. भाकरी, भाजी आणि फळांत त्याहून अधिक काही असू शकते.

११/
भारतात माल्टेड मिल्क आले ते ब्रिटिश सैन्याच्या पाठीवरून. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या हिंदी शिपायांनी त्याची ओळख गावाकडे नेली, असे सांगितले जाते. आंतरयुद्धकाळात पश्चिम भारतातील वृत्तपत्रांतून परदेशी ब्रँडच्या जाहिराती वाढल्या. डग्लस हेन्स या इतिहासकाराने त्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांतून शहरी मध्यमवर्गीय कुटुंबाचे एक नवे चित्र उभे राहते : कचेरीत थकणारा नवरा, अभ्यासात मागे पडणारा मुलगा, आणि या दोघांच्या प्रकृतीची जबाबदारी एकटीच्या शिरावर वाहणारी गृहिणी.

१२/
इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात याच पेयासाठी एक नवा 'रोगच' निर्माण करण्यात आला. त्याचे नाव 'रात्रीची उपासमार'. झोपेतही हृदय धडधडत असते, श्वास चालू असतो, त्यात शक्ती खर्च होते, म्हणून माणूस सकाळी थकलेला उठतो, असा युक्तिवाद. चित्रकथेच्या रूपातील त्या जाहिरातींत कामावर चुका करणारा माणूस डॉक्टरकडे जातो, रात्री पेला घेऊ लागतो आणि शेवटच्या चौकटीत त्याला बढती मिळते. वैद्यकशास्त्रात असा रोग नव्हता. विक्री मात्र वाढली.

१३/
मला यातील विरोधाभास फार बोलका वाटतो. इंग्लंडात हे पेय शांत झोपेसाठी विकले गेले. भारतात तेच, घटकांत थोडाफार फरक करून, सकाळी तरतरी यावी, मुलाने अभ्यास करावा, उंच व्हावे यासाठी विकले गेले. पेला तोच, भीती निराळी. इंग्रज प्रौढाला थकव्याची धास्ती होती, तर भारतीय आईबापांना मूल मागे पडण्याची.

१४/
स्वातंत्र्यानंतरचे पर्व अधिक रोचक आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात परकीय चलनाची टंचाई होती, आयातीवर बंधने होती. माल्टेड मिल्क येथेच बनवायचे तर दूध हवे, आणि उत्तर भारतात मुबलक होते ते म्हशीचे. म्हशीच्या दुधाची पूड होऊ शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. आणंदच्या सहकारी दुग्धशाळेत ह. मे. दलाया यांनी ते खोटे ठरवले. १९५५ मध्ये तेथील नवा कारखाना सुरू झाला. १९६० मध्ये पंजाबातील नाभा येथे म्हशीच्या दुधापासून हॉर्लिक्स बनू लागले.

१५/
पुढे डब्यांची रांगच लागली. 'कॉम्प्लान' मूळचे ग्लॅक्सोचे. ब्रिटनमध्ये ते १९५४ मध्ये आले, नंतर भारतात. अमूलचे 'न्यूट्रामूल' आले, जगतजित इंडस्ट्रीजची 'व्हिवा' आणि 'माल्टोव्हा' आली, 'बूस्ट' आले. १९७२ पासून रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट सुरू झाली. आरंभी हमीद सयानी आणि त्यांच्या निधनानंतर अमीन सयानी तिचे सूत्रसंचालन करीत. पेय आणि हुशारी यांचे नाते असे लाखो घरांत रुजले. कपिल देव आणि नंतर सचिन तेंडुलकर यांनी पेय आणि खेळ यांचे नाते जोडले.

१६/
आमच्या घरीही हे पर्व होऊन गेले. आई अंगणवाडीत काम करी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डबा येई आणि तो माझ्यासाठी महिनाभर पुरवायचा म्हणून ती सपाट चमचा मोजून घाली, डोंगर नाही. धाकट्या भावाला वास आवडत नसे, म्हणून त्याचा वाटाही मलाच. रिकामे डबे आजीच्या फळीवर गेले : एकात साबुदाणा, एकात सुक्या मिरच्या. डबा घेता आला नाही त्या महिन्यांत आईचा चेहरा उतरलेला असे. तिला वाटे, आपण मुलीला काहीतरी कमी देतो आहोत. ती खरोखर काही कमी देत होती का? माझ्या दृष्टीने या थ्रेडचा खरा प्रश्न हाच आहे.

१७/
उत्तरासाठी प्रथिनांच्या वादाकडे वळावे लागेल. १९३० च्या दशकात सिसली विल्यम्स या डॉक्टरांनी आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमधील, म्हणजे आजच्या घानामधील, बालकांतील 'क्वाशिओरकॉर' या विकाराचे वर्णन केले. प्रथिनांची कमतरता हे त्याचे कारण मानले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर हा विचार जगभर पसरला : गरीब देशांची मूळ समस्या म्हणजे प्रथिनांची तूट. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत प्रथिन सल्लागार गट स्थापन झाला. १९६८ मध्ये तर येऊ घातलेल्या 'प्रथिन संकटा'चा इशारा देणारा अहवालही प्रसिद्ध झाला.

१८/
भारतातही प्रयत्न झाले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याची पेंड आणि हरभऱ्याचे पीठ यांपासून 'बहुउद्देशीय अन्न' तयार केले. हेतू उदात्त होता आणि संशोधन प्रामाणिक होते. परंतु बाजारात हाच विचार निराळ्या वेषात शिरला. 'प्रथिने' हा शब्द डब्यावर ठळक झाला आणि डाळभात खाणाऱ्या घरांना आपले ताट अपुरे वाटू लागले.

१९/
येथे प्रवेश होतो पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातील बुध या गावी. १९५१ पासून सुमारे दोन दशके ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते. आहारपाहणीची आकडेवारी तपासून त्यांनी १९७० च्या सुमारास एक सरळ प्रश्न मांडला : ज्यांना प्रथिने कमी पडतात, त्यांना पोटभर अन्न तरी मिळते का? उत्तर बव्हंशी 'नाही' असे होते. धान्य आणि डाळीचा नेहमीचा आहार जे पोटभर घेत होते, त्यांची प्रथिनांची गरज बहुधा त्यातूनच भागत होती.

२०/
यामागील शरीरशास्त्र समजण्यास सोपे आहे. शरीराला आधी इंधन लागते. ते पुरेसे नसेल तर शरीर प्रथिनेही जाळते. म्हणजे चुलीत सरपण नाही म्हणून सागवानी पाट घालण्यासारखे झाले. अशा वेळी आणखी पाट आणून देण्यात अर्थ नाही, सरपण हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे सी. गोपालन यांनाही क्वाशिओरकॉर झालेल्या आणि सुकलेल्या बालकांच्या आहारांत ठळक फरक आढळला नव्हता. अखेर १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या साऱ्या प्रकरणाला 'प्रथिनांचा महान फज्जा' म्हणावे अशा आशयाचा लेख लिहिला.

२१/
सुखात्मे यांचे सारेच म्हणणे मान्य झाले, असे मात्र नाही. शरीर कमी उष्मांकांशी जुळवून घेते, या त्यांच्या पुढच्या मांडणीवर पुण्यातच वि. म. दांडेकर यांनी कठोर टीका केली. गोपालन यांनीही विरोध केला. उपाशी माणसाला 'जुळवून घेतलेला' म्हणणे धोक्याचे होते. तथापि प्रथिनांच्या पुडीपेक्षा पोटभर, मिश्र जेवण आधी, हा मुद्दा टिकला.

२२/
तो किती खोल आहे हे अलीकडेही दिसले. झारखंडमधील क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या देऊन पाहण्यात आल्या. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. ही किमया शिध्याने केली.

२३/
दरम्यान जाहिरातींची परीक्षा सुरू झाली होती. २००८ मध्ये ब्रिटनमधील जाहिरात मानक प्राधिकरणाने तेथे एका नेपाळी वाहिनीवर दिसलेली, मुले 'अधिक उंच, अधिक बळकट, अधिक तल्लख' होतात असे सांगणारी हॉर्लिक्सची जाहिरात पुराव्याअभावी बंद केली. ती मुळात ब्रिटनसाठी नव्हतीच. म्हणजे एका देशात न चालणारा दावा दुसऱ्या देशातील घरांत रोज संध्याकाळी ऐकू येत होता.

२४/
भारतात २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका यांच्या एका चित्रफितीमुळे बोर्नव्हिटातील साखरेची चर्चा पेटली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने विचारणा केली. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही, हे पुढे आले. १० एप्रिल २०२४ रोजी वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये त्या वर्गातून काढण्यास सांगितले. त्याच महिन्यात हिंदुस्थान युनिलिव्हरनेही, ज्याच्याकडे २०२० पासून हॉर्लिक्स आहे, आपल्या वर्गाच्या नावातून 'हेल्थ' हा शब्द वगळला. कित्येक दशके डब्याला चिकटलेला एक शब्द असा गळून पडला.

२५/
आता थोडा हिशेब. सर्वसाधारण माल्ट पुडीत १०० ग्रॅममागे १० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. म्हणजे २० ग्रॅमच्या मापात सुमारे २ ग्रॅम. ती ज्या २०० मिलिलिटर दुधात घालतो, त्या दुधातच ६ ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. पेल्यातील बहुतेक ताकद दुधाची. नाव मात्र पुडीचे. पुडीचा एक तृतीयांश भाग साखर असेल, तर एका मापात ६ ते ७ ग्रॅम साखर गेली. वरून आपण चमचाभर घालतो ती वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत.

२६/
मग डबा निरुपयोगी का? मुळीच नाही. पहिला शब्द आठवा : 'आजारी'. शस्त्रक्रियेनंतर, कर्करोगाच्या उपचारात, दात नसलेल्या किंवा भूक मेलेल्या वृद्धांना थोड्या घोटांत जास्त ऊर्जा, प्रथिने व जीवनसत्त्वे देणारे पेय खरोखर आधार देते. मात्र ते डॉक्टरांच्या किंवा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने आणि दोन जेवणांच्या मध्ये घ्यावे. जेवणाच्या जागी नव्हे, कारण पेल्याने भूक मारली तर पूरक अन्न मारक ठरते. मधुमेह असल्यास साखर व माल्टोडेक्स्ट्रिन तपासावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

२७/
निरोगी मुलासाठी नियम आणखी सोपा. मूल दूध पुडीशिवाय पीत नसेल तर अर्धा चमचा चवीपुरता घालावा, वरून साखर घालू नये, आणि त्याला औषध न समजता खाऊ समजावे. लेबलवर घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर दुसऱ्याच स्थानी दिसली तर काय समजायचे ते समजावे. आणि व्यायामशाळेतील माझ्या मित्रांनो, २०२४ च्या भारतीय आहार मार्गदर्शिकेत राष्ट्रीय पोषण संस्थेने शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पुडी टाळण्याचा सल्ला दिला आहे. १९६८ चे 'संकट' नव्या डब्यात परत आले आहे, एवढेच.

२८/
आता आजीचा प्रश्न. आमच्याकडे नाचणी भिजवून, मोड आणून, सुकवून, मंद भाजून दळतात. आजीला अमायलेज हा शब्द ठाऊक नाही, पण मोडाच्या पिठाची लापशी पातळ राहते आणि आजाऱ्याला पचते हे तिला पक्के माहीत आहे. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच मोजले : चिमूटभर मोडाचे पीठ घट्ट पेज पातळ करते, त्यामुळे बाळाच्या छोट्या पोटात अधिक अन्न मावते. शिवाय १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मात्र सत्त्व करताना गाळून चोथा टाकला, तर त्यासोबत काही खनिजेही जातात.

२९/
म्हणून मी तिला उत्तर दिले ते असे : "आजी, मोडापुरतं म्हणशील तर फारसं वेगळं नाही. पण यात प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मापून घातलीत, आणि सध्या तुला चार घोटांत ती हवी आहेत. म्हणून हे सहा आठवडे औषधासारखं घे. मग तुझं सत्त्व आहेच."
ती म्हणाली, "मग तुझ्या आईने तेव्हा एवढे पैसे का घातले?"

३०/
आई स्वयंपाकघरातच होती. कोणीच काही बोलले नाही. आईने तेव्हा जे दिले त्यात काही कमी नव्हते : दूध होते, डाळभात होता, शेंगदाण्याची चटणी होती, अंगणातला शेवगा होता. कमी होती ती माहिती, आणि ती जागा जाहिरातीने भरून काढली होती. कोणत्याही आईला तिच्या मुलाबद्दलची भीती विकता येते. इतिहास ही भीती नाहीशी करू शकत नाही. ती कोठून आली, कोणी छापली आणि कोणाला त्याचा लाभ झाला, एवढे तो दाखवू शकतो.

३१/
सहा आठवड्यांनी आजीचे वजन सावरले. डबा संपला, धुतला गेला आणि फळीवर गेला. त्यात आता नाचणीचे पीठ आहे.
आपल्या घरातील फळीवरही असे डबे असतील. त्यांत काय ठेवले आहे आणि ते पहिल्यांदा कोणासाठी, कोणत्या काळजीपोटी आणले गेले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून येथे अवश्य लिहा. सामाजिक इतिहासाची साधने पुष्कळदा दप्तरखान्याआधी स्वयंपाकघरातच सापडतात.
इति. #थ्रेड #मराठी #अन्नाचा_इतिहास